सुई, सुया आणि क्रोशा : विणकाम-शिवणकामाकडे पुन्हा वळणाऱ्या स्त्रियांचे नेहमीचे प्रश्न

आमच्या विणकाम-शिवणकामाच्या वर्गात, आणि वर्ग सुटल्यावर फोनवर किंवा चिठ्ठ्यांतून, जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात ते येथे एकत्र केले आहेत. प्रश्नांची भाषा शक्यतो विचारणाऱ्यांचीच ठेवली आहे. प्रत्येक उत्तर स्वतंत्रपणे वाचता यावे असा प्रयत्न केला असून, जेथे एक विषय दुसऱ्यात शिरतो तेथे संबंधित प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. विणकाम, क्रोशे, भरतकाम आणि शिवणकाम यांत नेमका फरक काय?

सुयांच्या विणकामात ओळीतले सगळे टाके एकाच वेळी सुईवर उघडे असतात, तर क्रोशात आकडेदार टोकाची एकच सुई असते आणि तिच्यावर बहुतेक वेळ एकच टाका असतो. म्हणूनच सुयांवरचा एक टाका निसटला तर तो शिडीसारखा खालपर्यंत उसवत जातो, आणि क्रोशा हातातून पडला तर फार तर शेवटचे दोन-तीन टाके जातात. या दोन्ही कामांत धाग्यातून कापडच तयार होते. भरतकाम तयार कापडावर होते आणि शिवणकाम कापडाचे तुकडे जोडते. गोधडी या शेवटच्या दोहोंच्या मध्ये येते, कारण तिच्यातला धावदोरा थर जोडतोही आणि पृष्ठभागावर नक्षीही उमटवतो.

मराठीत पैठणीही "विणतात" आणि स्वेटरही "विणतात", त्यामुळे गोंधळ होतो. मागावर उभे-आडवे धागे एकमेकांना छेदतात, तर सुयांवर एकाच धाग्याच्या फासातून पुढचा फास ओढला जातो. स्वेटर ताणतो आणि पैठणी ताणत नाही, ते यामुळे.

२. याला "पुनरुज्जीवन" का म्हणायचे? आमच्या आजीने तर सुई कधी खाली ठेवलीच नव्हती.

हा आक्षेप रास्त आहे, आणि आम्ही तो मनापासून मान्य करतो. बाळंतविड्यातली टोपडी, अंगडी, दुपटी आणि कुंच्या कोणी ना कोणी शिवत-विणतच होते. १९६२ च्या चीन युद्धाच्या वेळी देशभरच्या बायकांनी जवानांसाठी स्वेटर विणले, ते हात काही एका दिवसात तयार झालेले नव्हते. मधल्या काळात तयार कपडे स्वस्त झाले, शाळेतला शिवणाचा तास मागे पडला, आणि आईकडून मुलीकडे जाणारी शिकवण अनेक घरांत एका पिढीपुरती तुटली.

आज जे परतले आहे त्यात हाताच्या कौशल्याबरोबर तीन गोष्टी नव्या आहेत. पहिली म्हणजे निवड: आज विणणारीला विणण्यावाचून गत्यंतर नाही असे नसते. दुसरी म्हणजे शिकण्याची वाट: २००७ मध्ये सुरू झालेल्या रॅव्हेलरीसारख्या संकेतस्थळावर जगभरच्या विणणाऱ्या आपापले नमुने मांडतात, आणि टाका समोर बसून शिकवणारे घरात कोणी नसले तरी तो चित्रफितीतून पाहता येतो. तिसरी गोष्ट आम्हाला सर्वांत महत्त्वाची वाटते, ती म्हणजे कामाखाली करणारीचे नाव येऊ लागले आहे. चेन्नईत २०१६ साली अनेक स्त्रियांनी क्रोशाचे चौकोन जोडून ११,१४८.५ चौरस मीटरचे पांघरूण केले आणि त्याची नोंद गिनेसच्या विक्रमांत झाली. हातकामाला अशी जाहीर जागा मिळणे आपल्याकडे नवीन होते.

३. मी अगदी नवखी आहे. सुरुवात सुयांनी करू, क्रोशाने की शिवणाने?

ज्या वस्तूची ओढ आहे तिने सुरुवात करा; ओढ नसेल तर पहिल्या उसवणीतच काम कपाटात जाते. कशाचीच ठरावीक ओढ नसेल तर आम्ही क्रोशा सुचवतो, कारण साखळी, मुका खांब (आखूड टाका) आणि खांब (त्याहून उंच टाका) एवढे तीन टाके आले की एका आठवड्यात चौकोनी रुमाल पूर्ण होतो आणि चूक उसवून दुरुस्त करणे सोपे जाते.

सुयांनी सुरुवात करायची असेल तर चार मिलिमीटरच्या सुया आणि फिकट रंगाची, मध्यम जाडीची लोकर घ्या. काळ्या लोकरीवर टाके दिसत नाहीत, आणि नवख्या हाताला टाका दिसणे फार आवश्यक असते. वीस टाके घालून प्रत्येक सुई (म्हणजे प्रत्येक ओळ) सुलट विणत गेल्यास दोन्ही बाजूंनी सारखा दिसणारा आणि कडेला न वळणारा पट्टा तयार होतो. एक सुई सुलट आणि एक सुई उलट असे विणले तर कापड गुळगुळीत येते, पण त्याच्या कडा गुंडाळल्या जातात. तो दोष तुमच्या हाताचा नसून त्या विणीचाच स्वभाव आहे.

४. पुण्या-मुंबईच्या हवेत लोकरीचे विणून करायचे काय?

आपल्याकडे सरसकट सगळ्या विणायच्या धाग्याला "लोकर" म्हणतात, तरी दुकानात मिळणारा बराचसा धागा ॲक्रिलिकचा असतो. कोकणच्या दमट हवेत तो अंगाला चिकटतो, म्हणून उन्हाळी टोप, जाळीदार ओढण्या, पिशव्या, तोरणे आणि टेबलावरचे रुमाल यांसाठी सुती धागा घ्यावा. सुती धागा ताणत नाही, त्यामुळे तो हाताला थोडा कडक वाटतो, आणि मोठे वस्त्र त्याच्या स्वतःच्या वजनाने लांबते. सुती कुडता विणताना लांबी दोन-तीन सेंटिमीटर कमीच ठेवावी.

धुण्याचेही लक्षात ठेवा. मेंढीच्या खऱ्या लोकरीच्या तंतूंवर खवले असतात. गरम पाणी आणि घासणे एकत्र आले की ते एकमेकांत अडकतात आणि स्वेटर आटून नमद्यासारखा जाड व घट्ट होतो. ॲक्रिलिकला पाण्याचे भय नाही, पण गरम इस्त्री टेकली की त्याची लवचीकता कायमची जाते.

५. परदेशी नमुन्यात आठ नंबरची सुई लिहिली होती. माझ्याकडच्या आठ नंबरने वस्त्र लहान का झाले?

कारण दोन्हीकडचे आकडे उलट दिशेने चालतात. आपल्या दुकानांत जुनी ब्रिटिश मोजणी रुळलेली आहे आणि तिच्यात आकडा वाढला की सुई बारीक होते: आठ नंबर म्हणजे चार मिलिमीटर, दहा नंबर म्हणजे सव्वातीन मिलिमीटर. अमेरिकी मोजणीत आकड्याबरोबर जाडी वाढते: तेथील आठ नंबर पाच मिलिमीटरचा आणि दहा नंबर सहा मिलिमीटरचा असतो. नंबर विसरून मिलिमीटर पाहण्याची सवय लावली की हा प्रश्न संपतो.

क्रोशात याहून मोठी फसगत होते, कारण तेथे टाक्यांची नावेच सरकतात. अमेरिकी नमुन्यातला "सिंगल क्रोशे" म्हणजे ब्रिटिश नमुन्यातला "डबल क्रोशे", म्हणजेच आपला मुका खांब. अमेरिकी "डबल" हा ब्रिटिश "ट्रेबल" असतो, म्हणजे आपला खांब. नमुन्यात कोठेही "सिंगल क्रोशे" हा शब्द आला असेल तर तो अमेरिकी समजावा, कारण आजच्या ब्रिटिश पद्धतीत त्या नावाचा टाका वापरला जात नाही.

६. टाके नमुन्याप्रमाणेच घातले, सुईही तीच होती, तरी स्वेटर ढगळ झाला. का?

प्रत्येकीच्या हाताची ओढ वेगळी असते. समजा नमुना सांगतो की दहा सेंटिमीटरमध्ये २२ टाके यावेत आणि ९० सेंटिमीटर घेरासाठी १९८ टाके घालावेत. तुमचा हात सैल असेल आणि दहा सेंटिमीटरमध्ये २० च टाके येत असतील, तर तेवढेच १९८ टाके ९९ सेंटिमीटर होतात. दोन टाक्यांच्या फरकाने घेर नऊ सेंटिमीटर वाढला.

म्हणून आधी पंधरा सेंटिमीटरचा चौकोन विणा, तो धुऊन वाळवा, आणि कडा सोडून मधल्या दहा सेंटिमीटरमधले टाके मोजा. टाके कमी भरले तर बारीक सुई घ्या, जास्त भरले तर जाड घ्या. हात मुद्दाम आवळून विणू नका. ती ओढ दहा ओळींनंतर टिकत नाही आणि मनगट मात्र दुखते (प्रश्न १६ पाहा).

७. बाळंतविड्यासाठी विणते आहे. काय टाळावे?

सैल लावलेली बटणे, गळ्याशी बांधायच्या लांब रिबिनी आणि मोठ्या भोकांची जाळी टाळावी. तान्ह्याची बोटे जाळीत अडकतात, आणि मोज्याच्या आत राहिलेला लांब धागा बोटाभोवती गुंडाळला गेला तर इजा होते. मोजे नेहमी उलटे करून आतली टोके नीट शिवून घ्या.

८. गोधडीला किती आणि कोणत्या साड्या लागतात?

साडेपाच मीटर लांबीची पाचवारी साडी मधोमध कापून दोन्ही तुकडे लांबीच्या बाजूने जोडले, की साधारण पावणेतीन मीटर लांब आणि सव्वादोन मीटर रुंद असा एक थर मिळतो. दोन थर बाहेरचे आणि दोन किंवा तीन आतले धरले तर दोघांच्या गोधडीला चार-पाच साड्या पुरतात. धुऊन धुऊन मऊ झालेली सुती साडी किंवा नऊवारी लुगडे यांच्यासारखे कापड नाही: सुई सहज जाते, थर एकमेकांना धरतात आणि रंग उतरायचा तो आधीच उतरलेला असतो. नवे सुती कापड वापरायचे असेल तर दोनदा धुऊन घ्या, नाहीतर शिवल्यानंतर थर कमी-अधिक आटतात आणि गोधडीला फुगे येतात.

थर सपाट जमिनीवर पसरून, मधून कडेकडे हात फिरवून, वीतभर अंतराने कच्चा धावदोरा घालून घ्या. ही पायरी टाळून सुरुवात केली की शेवटच्या कोपऱ्यात सगळी सुरकुती गोळा होते. टाक्याची दिशा तुमची. उभ्या-आडव्या ओळी सोप्या असतात, तर कडेपासून मध्याकडे चौकोनात चौकोन शिवत नेल्यास बाहेरच्या कडा आधी पक्क्या होतात. उत्तर कर्नाटकात हल्याळ, यल्लापूर, मुंडगोड या भागांत राहणाऱ्या सिद्दी या आफ्रिकी वंशाच्या समाजातल्या स्त्रिया आपली कवंदी, म्हणजे गोधडी, अशीच कडेकडून आत शिवतात आणि तिच्या कोपऱ्यांत कापडाच्या त्रिकोणी घड्या बसवतात, ज्यांना त्या "फुला" म्हणतात. वस्तू उपयोगाची असली तरी तिला सजवल्यावाचून हात थांबत नाही, हे त्या चार घड्यांवरून कळते.

९. घरात सगळ्या सिंथेटिक साड्याच आहेत. त्यांची गोधडी होत नाही का?

होते, पण आतल्या थरांत सुती कापड घालावे लागते. दोन गुळगुळीत थर एकमेकांवरून घसरतात, सुई वाकडी जाते, आणि अशी गोधडी घाम शोषत नाही. मधे एक जुनी चादर घातली तर घसरणे थांबते. साडी कशाची आहे हे समजत नसेल तर काठाजवळचे दोन-चार धागे काढून, पाण्याची वाटी जवळ ठेवून, चिमट्यात धरून जाळून पाहा. सुताला जळक्या कागदाचा वास येतो आणि त्याची मऊ राख होते, लोकर व रेशीम यांना जळलेल्या केसांचा वास येतो, आणि सिंथेटिक धागा वितळून त्याचा कडक मणी होतो.

१०. मशीनवर शिवलेल्या गोधडीला गोधडी म्हणायचे का?

म्हणावे, आणि विकताना ती मशीनवर शिवली आहे हे सांगावे. मशीनची टीप सलग आणि घट्ट असते, त्यामुळे गोधडी थोडी ताठ होते. हाताच्या धावदोऱ्यात टाक्यांच्या मधली जागा मोकळी राहते आणि थर अंगावर पडतात. ज्यांना हातशिवण हवी असते त्यांना हा मऊपणा हवा असतो. मशीनचे काम कमी प्रतीचे असते असे आम्ही मुळीच मानत नाही. दारोदार फिरून गोधड्या शिवून देणाऱ्या बायकांचे हात आणि शिवणाच्या मशीनवर कुटुंब चालवलेल्या बायकांचे पाय, दोहोंचा आम्ही सारखाच आदर करतो.

११. माझी मुलगी म्हणते, "आई, सुई हातात घेणे म्हणजे पुन्हा चूल आणि मूल." तिला काय सांगू?

तिचे म्हणणे प्रथम पूर्ण ऐकून घ्या, कारण त्यामागे खरा इतिहास आहे. रुखवतात मांडलेले भरतकाम आणि क्रोशाचे रुमाल हे एकेकाळी नवऱ्या मुलीचे गुणपत्रक होते. पाहुण्यांनी वाकून टाके तपासायचे, आणि टाका बारीक असेल तर मुलगी शांत व सोशिक असेल असा निष्कर्ष काढायचा. ज्या मुलीला पुस्तक हवे होते तिच्या हातात अनेक घरांत सुई दिली गेली.

दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. रमाबाई रानडे यांनी १९०९ मध्ये पुण्यात सेवासदन उभे केले तेव्हा तेथे येणाऱ्या बायकांना, ज्यांत विधवा आणि निराधार स्त्रियाही होत्या, शिवण शिकणे म्हणजे स्वतःच्या कमाईचे साधन मिळणे होते. एकाच सुईचा एका घरात पिंजरा झाला आणि दुसऱ्या घरात दार. फरक सुईत नव्हता; ती कोणी दिली, कशासाठी दिली आणि शिवलेल्याचे पैसे कोणाच्या हातात गेले, यात होता.

याचे सर्वांत बोचरे उदाहरण आंध्र प्रदेशातील नरसापूरचे आहे. एकोणिसाव्या शतकात मिशनऱ्यांनी तेथे क्रोशाची लेस आणली आणि पुढे ती परदेशी जाऊ लागली. समाजशास्त्रज्ञ मारिया मीस यांनी १९८२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दाखवले की दिवसातले सहा-सहा, आठ-आठ तास लेस करणाऱ्या या बायकांना कामगार मानलेच जात नव्हते. त्या "घरी बसून फावल्या वेळात" काम करणाऱ्या गृहिणी ठरत, म्हणून मजुरी नाममात्र राही, आणि व्यापार पुरुषांच्या हाती असे. "फावला वेळ" या दोन शब्दांनी किती मजुरी गिळली आहे हे कळल्यावर आम्ही आमच्या वर्गात ते शब्द वापरणे सोडले.

मुलीला एवढे सांगता येईल की आज तुम्ही विणता ते तुम्ही ठरवले म्हणून, नको वाटेल त्या दिवशी सुया ठेवून देता, आणि केलेल्या कामावर तुमचे नाव असते. यांतले एकही तुमच्याबाबतीत खरे नसेल तर तिची शंका योग्य आहे, आणि मग बोलणे तिच्याशी नव्हे, घरातल्या इतरांशी व्हायला हवे.

१२. हा छंद आहे की कला? गोधडीला कोणी चित्र म्हणेल का?

म्हटले गेले आहे. अमेरिकेतील अलाबामा राज्यात नदीच्या वळणावर जीज बेंड नावाची वस्ती आहे. गुलामगिरीत राबलेल्या कृष्णवर्णीयांच्या वंशज असलेल्या तेथील स्त्रिया पिढ्यान्‌पिढ्या शेतावरच्या फाटक्या कपड्यांतून गोधड्या शिवत आल्या. त्यांतले विटलेले निळे डेनिमचे तुकडे, गुडघ्याच्या ठिगळाखाली गडद राहिलेला रंग आणि मुद्दाम वाकड्या ठेवलेल्या पट्ट्या यांची रचना पाहून ह्यूस्टनच्या ललित कला संग्रहालयाने २००२ मध्ये त्यांचे प्रदर्शन भरवले, आणि त्याच वर्षी ते न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयात गेले. २००६ मध्ये अमेरिकी टपाल खात्याने त्यांतल्या काही गोधड्यांची तिकिटे काढली. मात्र २००७ मध्ये त्यांतल्या काही स्त्रियांना मोबदल्यासाठी न्यायालयात जावे लागले; ते दावे पुढच्या वर्षी मिटले. भिंतीवर जागा मिळाली म्हणजे हिशेबही मिळतो असे नाही (प्रश्न १३ पाहा).

चिलीचे उदाहरण आम्हाला त्याहून जवळचे वाटते. १९७३ च्या लष्करी उठावानंतर सांतियागोतल्या ज्या स्त्रियांची मुले, नवरे आणि भाऊ बेपत्ता झाले, त्यांनी चर्चच्या आश्रयाने एकत्र बसून पोत्याच्या कापडावर चिंध्यांची चित्रे शिवली. त्यांना "आर्पियेरा" म्हणतात, आणि मूळ स्पॅनिश शब्दाचा अर्थच पोत्याचे कापड असा आहे. पर्वत, सूर्य, रंगीत घरे आणि त्यांच्यासमोर "ते कोठे आहेत?" असे विचारणाऱ्या कापडी बाहुल्या, अशी ती चित्रे असत. वर्तमानपत्रांना जे छापता येत नव्हते ते या तुकड्यांतून देशाबाहेर पोहोचले. अशा कामाला २००३ च्या सुमारास बेट्सी ग्रीअर यांनी "क्राफ्टिव्हिझम" हे नाव रूढ केले, आणि जानेवारी २०१७ मध्ये वॉशिंग्टनच्या स्त्रियांच्या मोर्चात विणलेल्या गुलाबी टोप्यांचा समुद्र दिसला. नाव नवे असले तरी बायका सांगता न येणारे दुःख शिवत आल्या आहेत ते फार पूर्वीपासून.

तुमची गोधडी कला आहे का, याचे उत्तर संग्रहालयाने देण्याची वाट पाहू नका. जांभळ्याशेजारी पिवळा तुकडा ठेवताना तुम्ही क्षणभर थांबलात, तो उचलून दुसरा ठेवून पाहिलात आणि पुन्हा पहिला आणलात. चित्रकार कॅनव्हाससमोर हेच करतो.

१३. किंमत कशी ठरवायची? लोक म्हणतात, "जुन्या साड्यांचे तर केले आहे!"

हिशेब कागदावर मांडा. प्रश्न ८ मधली पावणेतीन मीटर लांब आणि सव्वादोन मीटर रुंद गोधडी घ्या. अडीच सेंटिमीटरच्या अंतराने उभे धावदोरे घातले तर नव्वद ओळी होतात. प्रत्येक ओळ पावणेतीन मीटरची, म्हणजे एकूण सुमारे २४७ मीटर शिवण. सेंटिमीटरला एक टाका धरला तर जवळपास पंचवीस हजार टाके. तासाला चार मीटर शिवून होत असेल तर केवळ धावदोऱ्याला बासष्ट तास लागतात, आणि त्यात कापणे, जोडणे, कच्चे टाके घालणे व कड दुमडणे धरलेले नाही.

आता आपल्या भागात कुशल कामासाठी शासनाने ठरवलेल्या किमान वेतनावरून ताशी दर काढा, त्याला तासांनी गुणा, दोरा, सुया आणि कापडाचा खर्च मिळवा. येणारा आकडा ही किंमत नव्हे, तिची तळाची मर्यादा आहे. रचनेचे मोल त्यावर. ग्राहकाला हा कागद दाखवायला संकोच करू नका. अनेकदा समोरची व्यक्ती चिकट नसते, तिला पंचवीस हजार टाक्यांची कल्पनाच नसते.

क्रोशाच्या बाबतीत आणखी एक गोष्ट सांगायला हवी. खरे क्रोशे आजही कारखान्यातल्या यंत्रावर होत नाही. बाजारातली यंत्राची जाळी केवळ तशी दिसते. त्यामुळे दुकानात खऱ्या क्रोशाचा टोप अतिशय स्वस्त मिळाला तर तोही कोणाच्या तरी हातानेच केलेला आहे, आणि त्या हाताला काय मिळाले असेल याचा अंदाज करता येतो. त्या किमतीशी स्पर्धा करू नका.

१४. नातेवाईक हक्काने फुकट मागतात. नाही कसे म्हणू?

प्रेमाने द्यावेसे वाटेल तेथे मनापासून द्या आणि त्याचा हिशेब मनात ठेवू नका. इतरांना "सध्या हातातली कामे दिवाळीपर्यंत आहेत, त्यानंतरचा दर असा आहे" एवढे एक वाक्य पुरते. कारणे देत बसले की घासाघीस सुरू होते.

१५. दुसऱ्या कोणाचा नमुना पाहून केलेली वस्तू विकता येते का?

टाका कोणाच्याच मालकीचा नसतो; सुलट-उलट, साखळी आणि धावदोरा सर्वांचे आहेत. परंतु कोणी लिहिलेला नमुना, त्याची आकृती आणि छायाचित्रे यांवर भारतातही प्रताधिकार अधिनियम, १९५७ प्रमाणे लिहिणाऱ्याचा हक्क असतो, म्हणून विकत घेतलेला नमुना मैत्रिणींच्या गटात वाटणे योग्य नाही. त्यावरून केलेली वस्तू विकण्याबाबत अनेक रचनाकार नमुन्यातच अटी लिहितात. त्या वाचाव्यात, आणि नसतील तर विचारावे.

बंजारा भरतकाम किंवा सिद्दी कवंदी यांसारख्या समाजाच्या सामाईक परंपरेत विचारायला एक मालक सापडत नाही. तेथे आम्ही असे करतो की शिकण्यासाठी जरूर करून पाहतो, पण विकायचे असेल तर त्याच समाजातल्या स्त्रियांकडून करवून घेतो आणि त्यांची नावे सांगतो.

१६. मान, मनगट आणि डोळे दुखतात. विणणे सोडावे लागेल का?

बहुधा नाही. अर्ध्या तासाने उठा, दूर पाहा, बोटे पूर्ण उघडून मिटा. उजव्या हाताने काम करणाऱ्यांनी प्रकाश डाव्या बाजूने घ्यावा. लांब सरळ सुयांऐवजी मधे वायर असलेल्या गोल सुया वापरल्या तर कामाचे वजन मांडीवर पडते. बोटांना मुंग्या येत असतील किंवा दुखणे रात्रीही राहत असेल तर डॉक्टरांना दाखवा.

१७. माझ्या नवऱ्याला शिकायचे आहे. हे बायकांचेच काम ना?

आपल्याकडे संत नामदेव शिंपी होते आणि गावोगावचे कपडे शिंपी पुरुषांनी शिवले. युरोपात सुयांवर विणणाऱ्यांच्या जुन्या संघटना मुख्यतः पुरुषांच्या होत्या. पैसे मिळत तेथे पुरुषाची सुई "धंदा" ठरली आणि घरातली बाईची सुई "आवड". त्यांना जरूर शिकवा, आणि घरातली तुटलेली बटणे त्यांच्याकडे सोपवा.

१८. आईची पैठणी फाटली आहे. कापून काही शिवू का?

प्रथम उजेडासमोर धरून पाहा. घडीवर चिरा पडल्या असतील तर रेशीम थकले आहे आणि तेथे सुई घातली की चीर वाढेल. अशा साडीचा काठ आणि पदर शाबूत असतील तर ते मऊ सुती अस्तरावर ठेवून बारीक टाक्यांनी धरून घ्या. मुख्य अंगाला कात्री लावण्याची घाई नको. संपूर्ण साडी मजबूत असेल तर कापू नये असे आमचे मत आहे. कापलीच तर उरलेले तुकडे, साडी कोणाची, कोणत्या प्रसंगाची, हे लिहिलेल्या चिठ्ठीसह जपून ठेवा. जरीचे काम असल्यामुळे अशा वस्तूला पाण्यात बुडवू नका.

१९. नाव कोठे आणि कसे घालावे? थोडे मिरवल्यासारखे वाटते.

गोधडीच्या मागच्या कोपऱ्यात साखळी टाक्याने नाव, गाव आणि साल घाला. स्वेटरला आतून कापडी पट्टी शिवा. कोणाच्या साड्या वापरल्या तेही लिहिता येते. आपल्या आजी-पणजींच्या गोधड्यांपैकी किती कोणी शिवल्या हे आज सांगता येत नाही, एवढे आठवले की संकोच उरत नाही.

२०. आई गेली तेव्हा तिचा स्वेटर सुयांवर अर्धा राहिला होता. तो मी पूर्ण करू का, आणि टाके जुळले नाहीत तर?

हा प्रश्न आम्हाला वर्षातून चार-पाच वेळा तरी येतो, आणि विचारणारीचा आवाज दर वेळी थोडा खाली येतो. घाई नसेल तर काही दिवस तो तसाच राहू द्या. पूर्ण करावासा वाटेल तेव्हा सुया काढू नका. फार दिवस धातूच्या सुयांवर राहिलेल्या टाक्यांवर गंज किंवा डाग आला आहे का ते पाहा, आणि आला असेल तर तेवढी एकच ओळ काळजीपूर्वक उसवून टाके नव्या सुईवर घ्या. मग आईच्या विणीतले दहा सेंटिमीटरमधले टाके मोजा (प्रश्न ६ पाहा), त्याच लोकरीचा उरलेला गुंडा असेल तर वेगळ्या तुकड्यावर तुमचा हात मोजा, आणि फरक असेल तर तुमच्यासाठी सुई बदला. त्याच छटेची लोकर मिळणे अवघड असते, म्हणून जवळची छटा शोधण्यापेक्षा बाह्यांना किंवा गळ्याला उघडपणे वेगळा रंग घ्यावा.

इतके करूनही तुमची ओळ जेथे सुरू होते तेथे विणीची ओढ बदललेली दिसेल. ती रेघ उसवून सारखी करू नका. त्या ठिकाणी आतल्या बाजूने एक रंगीत टाका घालून ठेवा, म्हणजे पुढे हा स्वेटर ज्याच्याकडे जाईल त्याला आई कोठपर्यंत आली होती ते कळेल.